विज्ञान, अर्थशास्त्र आणि एक परकीय भाषा: तिन्ही आवडतात, तर करिअर कसं निवडायचं?

जर्मन भाषेत 'लाइश्ट' म्हणजे हलकं किंवा सोपं. रसायनांच्या निर्यातीच्या कागदपत्रांवर काम करायला लागले, त्या पहिल्याच महिन्यात एका द्रावकाच्या जर्मन सुरक्षा माहितीपत्रकात मी 'लाइश्ट एन्टझ्युन्डबार' असे शब्द वाचले आणि बेधडक 'सौम्य ज्वलनशील' असा अर्थ लावला. तो कागद पुढे जायच्या आत आमच्या विभागातल्या मॅडमनी तो बघितला. त्या म्हणाल्या, "शब्द राहू दे बाजूला. आधी नववा विभाग उघड आणि फ्लॅश पॉइंट बघ." फ्लॅश पॉइंट होता ४ अंश सेल्सिअस. म्हणजे आपल्याकडच्या डिसेंबरच्या थंडीतसुद्धा ठिणगी पडताच पेट घेईल असा पदार्थ. 'लाइश्ट' इथे 'सौम्य' नव्हे, 'सहज' या अर्थाने येतो: सहज पेट घेणारा.

पुढचा हिशोबही मॅडमनीच समजावला. फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली आणि उकळबिंदू ३५ अंशांच्या वर असेल तर पदार्थ वाहतुकीच्या, धोक्यानुसार ठरणाऱ्या, दुसऱ्या पॅकिंग ग्रुपमध्ये जातो. २३ ते ६० अंशांच्या मध्ये असेल तर तिसऱ्यात. तिसऱ्या ग्रुपला 'झेड' छापलेला ड्रम चालतो, दुसऱ्याला किमान 'वाय' लागतो. ड्रम बदलला की खर्च बदलतो, आणि चुकीच्या ड्रममधला माल बंदरावर अडकला की रोजचं भाडं चढत जातं. रसायनशास्त्र, पैसा आणि जर्मन भाषा एका ओळीत भेटलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. बारावी सायन्सला असताना 'तुला नक्की काय व्हायचंय?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मला तिन्ही हवं होतं आणि तिन्हीची एकच नोकरी असते हे सांगणारं कोणी नव्हतं.

अशा नोकऱ्या असतात. त्यांना एक ठरलेलं नाव नाही, म्हणून प्रवेशाच्या माहितीपुस्तकात त्या सापडत नाहीत. हा लेख दहावी-बारावीच्या, पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या आणि बी.एस्सी. होऊन 'आता पुढे काय' म्हणून अडलेल्या मुलामुलींसाठी आहे. पालकांनीही वाचावा.

पहिली पायरी: कोर्स नंतर, आधी कागद निवडा

'कुठला कोर्स करू?' या प्रश्नापासून सुरुवात केली की माणूस भरकटतो. त्याऐवजी स्वतःला विचारा: पुढची दहा वर्षं रोज सकाळी माझ्या टेबलावर कुठला कागद आलेला मला आवडेल? तिन्ही विषय एकत्र येणारे कागद मोजकेच आहेत. मला जवळून माहीत असलेले सांगते.

पहिला, वर आलेलं सुरक्षा माहितीपत्रक. ते १६ विभागांचं असतं आणि जगभर त्याचा साचा साधारण सारखा असतो. युरोपीय संघाचा 'रीच' नावाचा कायदा २००७ पासून लागू आहे. त्यानुसार वर्षाला एक टन किंवा त्याहून जास्त रसायन युरोपात न्यायचं तर त्याची नोंदणी लागते. युरोपाबाहेरच्या उत्पादकाला त्यासाठी तिथे एक प्रतिनिधी नेमता येतो. माहितीपत्रक ज्या देशात माल विकायचा त्या देशाच्या भाषेत द्यावं लागतं. लोटे-परशुराम, महाड, रोहा, तारापूर या पट्ट्यातल्या रसायन कारखान्यांना हे काम टाळता येत नाही. नोंदणीचा खर्च परवडेल का, कुठल्या टनाच्या पट्ट्यात नोंदवायचं, चाचण्यांचा खर्च इतर कंपन्यांशी वाटून घ्यायचा का, हे निर्णय अर्थशास्त्राचे आहेत. पण रेणू समजल्याशिवाय ते घेता येत नाहीत.

दुसरा, पेटंट. हळदीची गोष्ट सगळ्यांना अर्धी माहीत असते. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. 'हे आमच्या आजीला ठाऊक होतं' एवढं म्हणून पेटंट रद्द होत नाही. जुना लिखित पुरावा परीक्षकासमोर, त्याला वाचता येईल अशा भाषेत ठेवावा लागतो. त्यातूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं. संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ ग्रंथांतली औषधं इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत नेण्याचं काम त्याने हाती घेतलं. तिन्ही विषय एकत्र आले की देशाच्या पदरात काय पडतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

रोजचं पेटंटचं काम याहून साधं असतं. नवा शोध आधी कुठे नोंदला गेलाय का ते शोधायचं. ही शोधाशोध जपानीत किंवा जर्मनमध्येही करावी लागते, कारण युरोपीय पेटंट कार्यालयाच्या अधिकृत भाषा इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन आहेत, आणि आंतरराष्ट्रीय अर्ज दहा भाषांत प्रसिद्ध होऊ शकतात. मग पैशाचा प्रश्न येतो. पेटंट जिवंत ठेवायला ठरावीक मुदतीने शुल्क भरावं लागतं. कुठल्या देशातलं चालू ठेवायचं आणि कुठलं सोडायचं हे बाजार पाहून ठरतं. भारतात पेटंट एजंट व्हायला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी, वयाची २१ वर्षं पूर्ण आणि भारतीय नागरिकत्व लागतं. पुढे पेटंट कार्यालयाची परीक्षा: दोन लेखी आणि एक तोंडी, लेखीच्या प्रत्येक पेपरात किमान ५० टक्के आणि एकूण ६० टक्के. कायद्याची पदवी लागत नाही, हे बऱ्याच विज्ञान पदवीधरांना माहीतच नसतं.

तिसरा, कर्जाचा करार आणि त्यासोबतचा तांत्रिक अहवाल. अटल सेतू, मुंबईची मेट्रो ३ आणि मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वे या तिन्हींच्या मागे जपानच्या 'जायका' या संस्थेचं येनमधलं कर्ज आहे. वेगवान रेल्वेच्या कर्जाच्या २०१५ मध्ये ठरलेल्या अटी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत: खर्चाच्या सुमारे ८१ टक्के कर्ज, ०.१ टक्का व्याज, ५० वर्षांची मुदत, त्यातली पहिली १५ वर्षं परतफेड नाही. ०.१ टक्का ऐकून 'फुकटच की' असं वाटतं. पण परतफेड येनमध्ये आहे. ५० वर्षांत रुपया येनच्या तुलनेत कुठे जाईल, हाच खरा व्याजदर. हे गणित, पुलाच्या पायाचा तांत्रिक अहवाल आणि जपानी अभियंत्यांबरोबरची बैठक हे तिन्ही ज्यांना झेपतं, अशी माणसं फार थोडी असतात.

चौथा, उर्वरित अंशांचा अहवाल, म्हणजे फळा-भाजीत फवारणीच्या रसायनांचे किती अंश उरले त्याचा. २०१० च्या हंगामात नाशिक-सांगलीची द्राक्षं युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे अडकली. शेतकरी त्याला 'सीसीसी' म्हणतात. तेव्हाचं नुकसान द्राक्ष पट्ट्यात अजून बोललं जातं. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि अपेडा या कृषी निर्यातीच्या सरकारी संस्थेची 'ग्रेपनेट' प्रणाली हा अंशांच्या तपासणीच्या साखळीचा कणा. तरी एक गोष्ट स्पष्ट सांगते: रॉटरडॅमचा आयातदार तुमच्याशी इंग्रजीतच बोलेल. भाषेचा उपयोग होतो तो जर्मन सुपरमार्केटच्या, कायद्याहून कडक असलेल्या अटी मुळातून वाचताना.

पाचवा, औषध नोंदणीची फाइल, म्हणजे दुसऱ्या देशात औषध विकायची परवानगी मागणारी कागदपत्रं. सेनेगल, आयव्हरी कोस्ट, कॅमेरून इथे फ्रेंच, ब्राझीलमध्ये पोर्तुगीज. गोव्यातल्या वाचकांनी इथे थांबून विचार करावा. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषध कंपन्या आहेत, गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवतात, पणजीत पोर्तुगीज भाषाकेंद्र आहे, आणि ब्राझील, अंगोला, मोझांबिक या बाजारपेठांची भाषा तीच. बी.फार्म. आणि पोर्तुगीज ही जोडी गोव्याइतकी सहज भारतात दुसरीकडे कुठे जमेल असं मला वाटत नाही.

अलीकडचा सहावा कागद म्हणजे कार्बनचा हिशोब. युरोपीय संघाची सीमेवरची कार्बन यंत्रणा ऑक्टोबर २०२३ पासून नोंदींपुरती सुरू झाली आणि १ जानेवारी २०२६ पासून तिचा पैशाचा टप्पा आला. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, वीज, हायड्रोजन यांना ती लागू आहे. त्यात नट-बोल्टसुद्धा येतात. भट्टीत किती कोळसा, किती वीज, एका टनामागे किती कार्बन डायऑक्साइड हे मोजणारा आणि त्याची युरोतली किंमत काढणारा माणूस आता लहान कारखान्यांनाही हवा आहे.

आता कृती. या सहापैकी तीन कागद प्रत्यक्ष उघडा. पुढे सांगितलेले सगळे फुकट मिळतात. कुठल्याही मोठ्या रसायन कंपनीच्या संकेतस्थळावर देश 'जर्मनी' निवडून माहितीपत्रक उतरवा. पेटंटसाठी 'एस्पासनेट' किंवा 'पेटंटस्कोप' ही शोध-संकेतस्थळं. जायकाच्या संकेतस्थळावर प्रकल्पांची पूर्वमूल्यमापनं जपानी आणि इंग्रजी दोन्हींत आहेत. अन्नाबद्दलचे इशारे युरोपीय संघाच्या 'रॅस्फ' या खिडकीत दिसतात. प्रत्येकाला एक संध्याकाळ द्या. नव्वद टक्के कळणार नाही, ते अपेक्षितच आहे. बघायचं एवढंच की कंटाळा कुठे आला आणि घड्याळ बघायचं कुठे विसरलात.

दुसरी पायरी: कुठला विषय पदवीला, कुठला नंतर

माझं मत ठाम आहे: प्रयोगशाळा आवडत असेल तर पहिली पदवी विज्ञानाची घ्या. अर्थशास्त्र संध्याकाळी, पुस्तकांतून, दूरशिक्षणाने शिकता येतं. भाषा शनिवार-रविवारच्या वर्गात शिकता येते. टायट्रेशन, क्रोमॅटोग्राफी, सर्किट हे नोकरी लागल्यावर घरी बसून शिकता येत नाही. विज्ञानातून अर्थशास्त्राकडे जाणारी वाट उघडी आहे, उलटी वाट जवळजवळ बंद.

मात्र गणित आवडतं आणि प्रयोगशाळा नकोशी वाटते, असं असेल तर सरळ अर्थशास्त्राची पदवी घ्या आणि सांख्यिकी घट्ट करा. कार्बनचा हिशोब, ऊर्जेचे दर, प्रकल्पांचं मूल्यमापन या कामांना तुम्ही चालता. पेटंट एजंटची परीक्षा मात्र हातची जाते.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या मेजर-मायनर रचनेत रसायनशास्त्र मेजर घेऊन दुसऱ्या शाखेतले विषय घेण्याची सोय झाली आहे. कॉलेज निवडताना 'कट-ऑफ किती' याइतकंच 'अर्थशास्त्र किंवा परकीय भाषा सोबत मिळेल का आणि तासांचं वेळापत्रक एकमेकांवर येत नाही ना' हे ऑफिसमध्ये जाऊन विचारा. माहितीपुस्तकातला विषय आणि प्रत्यक्ष भरणारा वर्ग यांत फरक पडू शकतो.

अकरावी-बारावीला मराठी किंवा हिंदीऐवजी जर्मन, फ्रेंच घेणारी मुलं पुण्या-मुंबईत खूप. बहुतेक 'स्कोअरिंग' म्हणून घेतात आणि सीईटीच्या धामधुमीत दोन वर्षांनी सगळं विसरतात. तुम्ही घेतली असेल तर बारावीनंतरच्या सुट्टीत लगेच पुढचा स्तर करा. सहा महिने गेले की पुन्हा पहिल्यापासून.

तिसरी पायरी: अर्थशास्त्र किती आणि कुठलं

या कामांना अर्थशास्त्राचा सगळा इतिहास लागत नाही. चार गोष्टी पक्क्या हव्यात. दहा वर्षांनंतरच्या रुपयाची आजची किंमत काढणं. विनिमय दराने करार कसा हलतो ते समजणं. एखाद्या नियमाचा किंवा कराचा भार शेवटी कोणाच्या खिशावर पडतो ते ओळखणं, म्हणजे कार्बनचा खर्च जर्मन ग्राहक भरेल की आपला कारखानदार. आणि आकडेवारी वाचताना फसू नये इतकी सांख्यिकी. या चार गोष्टी 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या मोफत अभ्यासक्रमांतून एका वर्षात होतात.

पदवी हवी असेल तर पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था (स्थापना १९३०), मुंबई विद्यापीठाचा जुना अर्थशास्त्र विभाग आणि रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था ही आपल्या दारातली नावं आहेत. गोरेगावच्या संस्थेत एम.एस्सी. अर्थशास्त्राला भौतिकशास्त्र-गणिताचे पदवीधर आणि अभियंतेही अर्ज करू शकतात. प्रवेश परीक्षेत गणित भरपूर असतं, म्हणून बारावीचं गणित सोडलेल्यांनी आधी ते भरून काढावं. नोकरी सोडणं शक्य नसेल तर इग्नूचं एम.ए. अर्थशास्त्र कुठल्याही शाखेच्या पदवीधराला करता येतं. मी तेच केलं. दोन वर्षं शनिवार-रविवार गेले, पण पगार थांबला नाही.

चौथी पायरी: भाषा एकच, पण कामाची होईपर्यंत

तिन्हींत सगळ्यात जास्त वेळ भाषा खाते, म्हणून सुरुवात तिची सगळ्यात आधी करायची. 'थोडं जर्मन, थोडं जपानी, थोडं स्पॅनिश' असं करू नका. युरोपीय मोजपट्टीत भाषेचे स्तर ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ असे चढत जातात, आणि ए१ ची चार प्रमाणपत्रं मिळून एक बी२ होत नाही.

कुठली निवडायची ते तुमच्या कागदाने ठरतं. रसायन, यंत्रं, वाहन: जर्मन. पूल, रेल्वे, वाहनांचे सुटे भाग, पेटंट: जपानी. आफ्रिकेतली औषधं: फ्रेंच. ब्राझील: पोर्तुगीज. 'सोपी कुठली' हा निकष लावू नका, कारण तिसऱ्या महिन्यानंतर कुठलीच सोपी राहत नाही.

तरी मराठी माणसाला दोन ठिकाणी घरचा आधार आहे, आणि तो वर्गात कोणी सांगत नाही. जर्मनमध्ये तीन लिंगं: देअर, दी, दास. इंग्रजीतून शिकणारा तिथे गडबडतो. आपण मात्र 'तो, ती, ते' म्हणतच मोठे झालो. नाम बदललं की विशेषण बदलतं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नामाला मागून प्रत्यय लागतो. 'वाताशी वा पुणे नि इकिमास' हे शब्दाला शब्द लावून 'मी पुण्याला जातो' असंच आहे. म्हणून जपानी मराठीतून शिका, इंग्रजीतून नको. वहीत अर्थ मराठीत लिहा. माझी एक मैत्रीण दोन वर्षं इंग्रजीतून अडखळत होती. वही मराठीत केली आणि वाक्यरचना एका पावसाळ्यात बसली.

कांजीला मात्र सोपा रस्ता नाही. जपान सरकारच्या नेहमीच्या वापराच्या यादीत २,१३६ कांजी आहेत. रोज पाच आणि जुन्यांची उजळणी, एवढंच.

कुठे शिकायचं? पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी घडवत आला आहे. जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन, फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज, जपानीसाठी टिळक महाराष्ट्र विद्यापीठ. जिल्ह्याच्या गावी राहत असाल तर ऑनलाइन वर्ग चालतो, पण बोलायला एक जोडीदार नक्की करा. परीक्षा मान्यताप्राप्तच द्या: जर्मनसाठी गोएथेची, फ्रेंचसाठी डेल्फ, जपानीसाठी जेएलपीटी. जेएलपीटीचे स्तर एन५ पासून एन१ पर्यंत आहेत, एन१ सर्वांत अवघड. परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते आणि अर्जाची खिडकी कित्येक महिने आधी उघडते-मिटते, त्यामुळे तारखांवर लक्ष ठेवा.

नोकरीत भाषेचा खरा उपयोग सुरू होतो तो जर्मन-फ्रेंचच्या बी२ ला आणि जपानीच्या एन२ ला. कॉलेज सांभाळून जर्मन बी२ ला दोन ते अडीच वर्षं धरा, जपानी एन२ ला तीन ते चार. मध्ये बी१ च्या आसपास एक लांबलचक पठार येतं, जिथे महिनोन्‌महिने काही पुढे सरकतंय असं वाटत नाही. सोडणारे बहुतेक तिथे सोडतात. त्या काळात व्याकरणाचं पुस्तक मिटा आणि आपल्या विषयाचा मजकूर वाचा. युरोपीय संघाचे कायदे 'युर-लेक्स' या संकेतस्थळावर २४ भाषांत आहेत आणि दोन-तीन भाषा शेजारी-शेजारी लावून वाचता येतात. मी 'रीच' कायद्याची इंग्रजी आणि जर्मन प्रत अशी रोज अर्धं पान वाचली. कायद्याची भाषा कोरडी असते, पण तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि पक्के बसतात. पठार त्यानेच ओलांडलं.

'भाषांतर तर आता यंत्र करतं, मग भाषा कशाला?' हा प्रश्न घरी विचारला जाईलच. प्रश्न योग्य आहे. नुसत्या भाषांतराचं काम खरोखर कमी झालंय आणि त्या एकाच भरवशावर मी कोणालाही करिअर करायला सांगणार नाही. पण यंत्राने केलेल्या भाषांतराखाली सही माणूस करतो. पेटंटच्या दाव्यात 'असलेला' आणि 'फक्त एवढाच असलेला' यांतला फरक शोधाची कुंपणरेषा बदलतो. तो चुकला की नुकसान भरून द्यायला यंत्र येत नाही. ज्याला विषय कळतो, पैसा कळतो आणि मूळ मजकूर वाचता येतो, तोच ती सही करू शकतो. शिवाय लेखापरीक्षणाला आलेल्या जपानी पाहुण्यांशी जेवताना जे बोलणं होतं, ते कुठल्याच फाइलीत नसतं.

पाचवी पायरी: परदेशी शिक्षण, पण हिशोब मांडून

जर्मनीत विज्ञान आणि अर्थशास्त्र एकत्र शिकवणाऱ्या पदव्याच आहेत. 'विर्टशाफ्ट्स' म्हणजे अर्थविषयक हा शब्द विषयाच्या आधी लागतो: विर्टशाफ्ट्सशेमी, म्हणजे रसायन आणि अर्थशास्त्र, कीलमध्ये आहे. विर्टशाफ्ट्सइंजेनिअरवेझन, म्हणजे अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्र, यासाठी कार्ल्सरूहचं नाव आहे. असे अनेक अभ्यासक्रम जर्मन भाषेतच चालतात, म्हणून इंग्रजीतून जाणाऱ्या गर्दीपेक्षा तिथे आपल्याकडचे अर्जदार कमी असतात. बी२-सी१ पर्यंत गेलेल्याला हा खरा फायदा आहे.

'जर्मनीत शिक्षण फुकट' हे सरसकट खरं नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो आहेत. कार्ल्सरूह त्याच राज्यात आहे. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क सुरू केलं. व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं 'एपीएस' प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी काही महिने हातात ठेवा. एजंटकडे जाण्याआधी 'डाड' या जर्मन संस्थेच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम स्वतः शोधा. तिथे सगळी माहिती मोफत आहे.

जपानसाठी तिथल्या शिक्षण मंत्रालयाची 'मेक्स्ट' शिष्यवृत्ती बघा. पदवीसाठी निवड झाली तर आधी एक वर्ष जपानी भाषाच शिकवतात.

कर्ज काढून जाण्याचा विचार असेल, तर आधी इथे एक वर्ष नोकरी करा. कागद आवडतो की नाही ते पगार घेऊन कळतं, आणि अर्जातही ते वर्ष वजनदार ठरतं.

सरकारी वाट

भारतीय परराष्ट्र सेवेत कुठलीही पदवी चालते आणि निवड झाल्यावर प्रत्येक अधिकाऱ्याला एक परकीय भाषा सरकारी खर्चाने शिकवतात, त्यामुळे आधी भाषा येणं सक्तीचं नाही. भारतीय आर्थिक सेवेला मात्र अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवीच हवी. दोन्ही केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षा आहेत आणि वर्षं खातात. हाताला दुसरं कौशल्य ठेवून मगच उतरा.

सहावी पायरी: पहिली नोकरी मिळवताना

जाहिरातीत 'विज्ञान अधिक अर्थशास्त्र अधिक जर्मन' असं पद सापडणार नाही. शोधायचे शब्द वेगळे आहेत: रेग्युलेटरी अफेअर्स, प्रॉडक्ट स्ट्युअर्डशिप, पेटंट ॲनालिस्ट, टेक्निकल सोर्सिंग, एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन, सस्टेनेबिलिटी रिपोर्टिंग. जपानी कंपन्यांत 'बायलिंग्वल इंजिनिअर' किंवा नुसतं 'इंटरप्रिटर' लिहिलेलं असतं. चाकण, रांजणगाव, तळेगाव, सुपे इथल्या औद्योगिक वसाहती आणि ठाणे-नवी मुंबईतली कार्यालयं यांवर नजर ठेवा.

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर स्वतः केलेलं एक काम न्या. उदाहरणार्थ, एक जर्मन किंवा जपानी पेटंट घ्या, त्याचा पहिला दावा मराठीत आणि इंग्रजीत स्वतः लिहा, शोध नेमका काय आहे ते एका परिच्छेदात, आणि भारतात हे उत्पादन विकायचं तर बाजार किती आणि अडचण काय ते दुसऱ्यात. दोन पानं पुरतात. आम्ही उमेदवार बघतो तेव्हा अशी दोन पानं घेऊन येणारा शंभरात एखादाच असतो, आणि त्याच्याशी बोलणं त्या पानांवरूनच सुरू होतं. आकडा कुठून घेतला, हा शब्द असा का लावला, हे विचारलं की पाचच मिनिटांत माणूस कळतो.

सुरुवातीचं पद बहुधा लहान असेल आणि तीनपैकी एकाच विषयाचं. मला पहिले आठ महिने फक्त माहितीपत्रकांची जुळवाजुळव होती. अर्थशास्त्राचा 'अ' नव्हता. मग एका बैठकीत नोंदणीचा खर्च तीन वर्षांत वसूल होईल का असा प्रश्न निघाला आणि मी घरून तक्ता करून आणते म्हटलं. दुसरा विषय असा, कोणी न सांगता पुढे करावा लागतो.

घरी बोलताना

'हे काय नवीनच? इंजिनिअरिंग कर आणि मोकळी हो' असं मामा-काकांपैकी कोणीतरी म्हणेल. त्यांची काळजी खोटी नसते. त्यांनी या नावाची नोकरी पाहिलेली नसते. वाद घालण्याऐवजी त्यांच्यासमोर तीन गोष्टी ठेवा: तुम्ही निवडलेला कागद छापून, त्या पदाच्या आत्ताच्या पाच जाहिराती, आणि तीन वर्षांचा तक्ता, ज्यात दर सहा महिन्यांना कुठली परीक्षा, तिची फी किती आणि ती कुठून येणार हे लिहिलेलं असेल. माझ्या बाबांनी तक्त्यातल्या फीच्या रकान्यावर बोट ठेवून एकच विचारलं होतं, "आणि बी१ ला नापास झालीस तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री तक्त्यात पुन्हा परीक्षेसाठी सहा महिने आणि तेवढे पैसे वाढवले. तुमच्या तक्त्यात ती ओळ पहिल्यापासून असू द्या. मला ती वापरावी लागली.